थेंबाचा मालक

भाड्याच्या घरात अकरा वर्षं काढली. तिथे नळ गळायला लागला की मालकांना फोन करायचा, की झालं. गेल्या दिवाळीत स्वतःच्या फ्लॅटची किल्ली हातात आली आणि तिसऱ्याच महिन्यात एका रात्री बाथरूममधून टप्... टप्... सुरू झालं. सवयीने हात फोनकडे गेला. मग लक्षात आलं, हा फोन आता मलाच यायचा.

रात्री अकराला नळाखाली बादली लावली. सकाळी सहाला मापाने पाणी काढून बघितलं, तर सहा लिटरच्या वर भरलं. सेकंदाला जेमतेम एक थेंब, पण लेकाला झोप म्हणून नाही.

साताऱ्याच्या आमच्या घरी पितळी नळ होते. बाबा झिजलेल्या स्लिपरवर नाणं ठेवून पेन्सिल फिरवत, रबर गोल कापत आणि वायसर बसवत. त्यामुळे जुनी चप्पल घराबाहेर जात नसे. तिच्यात अजून चार-पाच वायसर शिल्लक असत. त्या पुण्याईवर मी हार्डवेअरच्या दुकानात ऐटीत म्हणालो, "अर्धा इंची वायसर द्या."

"नळ किती फिरतो?"

मी हवेतच हात फिरवून दाखवला.

"पाव फेरा? मग त्यात वायसर नसतोच, साहेब. स्पिंडल बदलायचा. जुना काढून आणा."

या स्पिंडलमध्ये, म्हणजे नळाच्या मुठीखाली फिरणाऱ्या भागात, सिरॅमिकच्या दोन गुळगुळीत चकत्या एकमेकींवर सरकतात. बोअरच्या पाण्यातला वाळूचा कण मध्ये सापडला की ओरखडा उठतो आणि तिथून पाणी वाट काढतं. म्हणजे बाबांची चप्पल इथे कामाची नव्हती.

जुना काढायचा तर आधी पाणी बंद करायला हवं. बाथरूममधला कॉक टाइल्स बसवताना सिमेंट लागून असा आवळला होता की हलेना. गेलो गच्चीवर. टाकीखाली ओळीने आठ व्हॉल्व, एकावरही नाव नाही. अंदाजाने एक फिरवला. दोन मिनिटांत पाचव्या मजल्यावरचे आजोबा तोंडाला साबण, कमरेला पंचा अशा अवस्थेत जिन्यात. "कुणी बंद केलंय रे पाणी?" मी व्हॉल्व उघडला आणि टाकीमागे थोडा वेळ बसून राहिलो. दुसऱ्या दिवशी ऑइलपेंटचा लहान डबा आणला आणि एकेक व्हॉल्व फिरवून, खाली-वर करून, आठांवर आठ नंबर घातले. आजोबांना आधी विचारून.

मे महिन्यात पंधरा दिवस गावी जाऊन आलो, तर पाहुण्यांच्या बाथरूममध्ये गटाराचा वास. प्लंबरचा नंबर शोधत होतो, तेवढ्यात बायकोने जाळीवर तांब्याभर पाणी ओतलं आणि वास थांबला. जाळीखालच्या नहाणी ट्रॅपमध्ये दोनेक इंच पाणी कायम उभं असतं, तेच खालच्या हवेला बूच. वापर नसला की उन्हाळ्यात ते आटतं. हे तिला कुठून माहीत, ते तिने सांगितलं नाही.

जुलैत बेडरूमच्या भिंतीवर ओल आली, रंगाचे पोपडे सुटले. ताबा मिळाल्यापासून 5 वर्षांत बांधकामातला दोष निघाला तर बिल्डरने तो कळवल्यापासून 30 दिवसांत फुकट दुरुस्त करून द्यायचा, असं रेरा कायदा सांगतो. मी फोटो जोडून लेखी कळवलं. त्यांचा माणूस आला, भिंतीवरून मायेने हात फिरवला आणि "हवा दमट आहे" म्हणून गेला. मी पुन्हा लिहिलंय. तारखा वहीत मांडून ठेवतोय.

गणपतीत बाबा आले. हातपाय धुवायला बाथरूममध्ये शिरले. नळ उघडल्याचा आवाज, बंद केल्याचा, मग बराच वेळ शांतता. मी दाराबाहेर उभा. बाबा पंचाला हात पुसत बाहेर आले.

"नळ बरा आहे," ते म्हणाले. "फ्लशची टाकी ऐकलीस का?"