घागर तिथेच टाकून

गेल्या महिन्यात आमच्या चर्चमध्ये बायबलमधल्या शोमरोनी बाईवर, म्हणजे यहूदी ज्यांना दूर ठेवायचे त्या शोमरोनी समाजातल्या, विहिरीवर येशूला भेटलेल्या बाईवर उपदेश झाला आणि नेहमीप्रमाणे अर्धा तास तिच्या पाच नवऱ्यांवरच गेला. पापी बाई, बदनाम बाई, लाजेमुळे भर दुपारी एकटी पाण्याला येणारी बाई, हे मी संडे स्कूलपासून ऐकतेय आणि दरवेळी बायकांच्या बाजूच्या बाकांवर सगळ्याजणी मान खाली घालून बसलेल्या असतात, जणू काही हे आपल्यालाच चाललंय. यावेळी मला सहन झालं नाही. घरी आले, स्वयंपाक नंतर बघू म्हटलं आणि योहानाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय, जिथे तिची गोष्ट आहे, उघडून एकेक वचन सावकाश वाचत बसले.

तुम्हीपण वाचाच एकदा. येशू त्या बाईला कुठेही रागावत नाही. तुला पाच नवरे होते आणि आता जो आहे तो तुझा नवरा नाही, एवढं तो म्हणतो, तू खरं बोललीस असंही म्हणतो आणि पुढे जातो. पाच का झाले हे लिहिलेलंच नाही! मेले असतील, टाकलं असेल तिला, त्या काळात सोडचिठ्ठी द्यायची ती पुरुषानेच, बाईच्या हातात काय होतं. दुपारी का आली तेही लिहिलेलं नाही. लाज आपण घातली तिच्यात.

आणि जे लिहिलंय ते आपण सोडून देतो. तो तिच्याकडे प्यायला पाणी मागतो. आपल्या महाराष्ट्रात विहीर, पाणी आणि विटाळ म्हणजे काय हे कुणाला समजावून सांगायला नको, यहूदी माणूस शोमरोन्याच्या भांड्यातलं पाणी पीत नसे, म्हणून ती चकित होऊन विचारते की तुम्ही माझ्याकडे पाणी कसं मागता. मग उपासना कुठे करायची, शोमरोन्यांच्या डोंगरावर की यहूद्यांच्या यरुशलेमात, हा त्या दोन समाजांमधला सगळ्यात मोठा वाद ती काढते आणि येशू तिच्याशी तो वाद बरोबरीच्या नात्याने बोलतो. तोच मशीहा, म्हणजे लोक ज्याची वाट पाहत होते तो देवाने पाठवलेला तारणारा, आहे हे तो तिला स्वतःच्या तोंडाने सांगतो. शिष्य परत येतात तेव्हा त्यांना नवल कशाचं वाटतं, तर हा एका बाईशी बोलतोय याचं. ती घागर तिथेच टाकून गावात जाते, लोकांना सांगते आणि तिच्या शब्दावरून पुष्कळजण विश्वास ठेवतात. उपदेशक झाली ना ती? मग उपदेशात हे का येत नाही?

पंडिता रमाबाईंना हे दिसलं होतं. 1883 मध्ये इंग्लंडात वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला, तेव्हा त्या जेमतेम पंचवीस वर्षांच्या, आईवडील दुष्काळात गेलेले, नवरा लग्नानंतर दोन वर्षांतच गेलेला, पदरी छोटी मनोरमा. त्याआधी तिथल्या सिस्टर लोकांनी, म्हणजे ख्रिस्ती जोगिणींनी, त्यांना लंडनजवळ फुलहॅमला नेलं होतं, समाजाने ‘पतित’ म्हणून टाकलेल्या बायकांना तिथे मायेने वागवत होते. रमाबाईंनी विचारलं की या बायकांची एवढी काळजी तुम्ही का घेता, तर उत्तर म्हणून एका सिस्टरने त्यांना हाच शोमरोनी बाईचा उतारा वाचून दाखवला. आपल्या देशातल्या पिचलेल्या बायकांना वर उचलणारा हाच, हे तिथे पटलं, असं त्यांनी पुढे स्वतः लिहून ठेवलंय.

पण पुढची गोष्ट आमच्या मंडळीत फारशी कुणी सांगत नाही. चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात असताना रमाबाईंनी मुलग्यांना शिकवावं का असा प्रश्न आला, आणि चर्चच्या मोठ्या लोकांनी नको म्हटलं, बाईने तरुण पुरुषांना शिकवणं बरं दिसत नाही. रमाबाईंनी पत्रात कळवलं की माझ्या आईने आणि मी तरुण मुलांना शिकवलं त्याला माझ्या वडिलांनी, नवऱ्याने कधी हरकत घेतली नाही आणि इथे इंग्रज लोक घेतात याचं मला फार नवल वाटतं. भारतातल्या पुरोहितांचं जोखड मोठ्या कष्टाने उतरवलंय, आता तसलंच दुसरं मानेवर घेणार नाही, असंही त्यांनी स्पष्ट लिहिलं. ख्रिस्त धरला आणि माणसांचं जोखड नाकारलं, दोन्ही एकाच वेळी. मला तर हे वाचून अंगावर काटा आला.

बाईने शिकवण्याचा विषय काढला की बायबलमधल्या प्रेषित पौलाची वचनं लगेच पुढे केली जातात, बायकांनी गप्प राहावं वगैरे. त्याच पौलाने रोमकरांना लिहिलेल्या पत्रात फीबी नावाच्या बाईची शिफारस केलीय, प्रिस्किल्ला नावाच्या बाईला आपली सहकारी म्हटलंय, आणि या प्रिस्किल्लाने नवऱ्याबरोबर अपुल्लोसासारख्या विद्वानाला देवाचा मार्ग जास्त नीट समजावून सांगितला हे बायबलमधल्याच प्रेषितांच्या कृत्यांच्या पुस्तकात आहे. एक वचन पाठ आणि दुसरं विसरायचं, हे मला मान्य नाही.

रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये, निराधार बायकामुलींसाठी त्यांनी काढलेल्या आश्रमात, उतारवयात हिब्रू आणि ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणलं, साध्या बाईला समजेल अशा भाषेत, आणि ते छापायचं काम तिथल्याच बायकामुलींनी केलं. दुष्काळातून वाचलेल्या, कुणालाच नको असलेल्या मुली, त्या हातात छपाईचे खिळे, म्हणजे धातूची अक्षरं, घेऊन देवाचा शब्द जुळवत होत्या.

हे सगळं मी परवा महिला मंडळात बोलले. बोलून झाल्यावर मागे बसलेल्या एक मावशी, ज्या कधीच बोलत नाहीत, त्यांनी विचारलं, “घागर तिथंच टाकली म्हणजे मग त्या दिवशी घरी पाणी कुणी भरलं गं?”

मला एकदम माझी आजी आठवली. ती बायबल वूमन होती, आठवड्यातले तीन दिवस आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांवर चालत जायची, बायकांना अक्षरं शिकवायची, वचनं वाचून दाखवायची. त्या दिवशी आजोबा विहिरीवर जायचे. डोक्यावर फडक्याची चुंबळ, वर हंडा, काखेत कळशी, पुरुषाला ते नीट जमायचं नाही म्हणून अर्धा सदरा भिजलेला असायचा. लोक हसायचे, मंडळीतलेसुद्धा. ते काही बोलायचे नाहीत, पाणी ओतायचे आणि दुसऱ्या खेपेला निघायचे.

मावशींना मी हेच सांगितलं.