लाल आणि निळा जिथे भिडतात

आमच्या इलस्ट्रेशनच्या शेवटच्या वर्षाला एक मोठा प्रकल्प असतो आणि त्याचा विषय ज्याचा त्याने निवडायचा असतो. मी सॅन फ्रान्सिस्कोमधली १९६६ आणि १९६७ ही दोन वर्षं निवडली. तिथल्या सायकेडेलिक, म्हणजे नशेतल्या भासांचा बाज असलेल्या रॉक संगीताच्या कार्यक्रमांची पोस्टर्स अभ्यासायची आणि तो बाज देवनागरीत आणून बघायचा. विषय सांगितला की समोरचा हमखास विचारतो, "म्हणजे हिप्पी, गांजा, गोवा वगैरे का?" म्हणून एकदा सविस्तर लिहूनच टाकते.

नशा होती, ती कोण नाकारतंय? एलएसडीवर कॅलिफोर्नियात बंदी आली तीच मुळी ऑक्टोबर १९६६ मध्ये. व्हिएतनामचं युद्ध होतं, सक्तीची सैन्यभरती होती, आईबापांनी आखून दिलेलं आयुष्य नको म्हणणारी पोरं होती. पण पोस्टर नशेत होत नाही. ते कार्यक्रमाच्या आधी छापून, वाळून, दुकानांच्या काचांवर लागलेलं असावं लागतं. फिलमोर ऑडिटोरियम या सभागृहात कार्यक्रम भरवणारे बिल ग्रॅहम आणि अ‍ॅव्हलॉन बॉलरूम या दुसऱ्या सभागृहातली 'फॅमिली डॉग' नावाची आयोजक मंडळी जवळजवळ दर आठवड्याला नवं पोस्टर काढायची. एवढ्या घाईत इतकं जिवंत काम करणाऱ्या माणसांचा हात किती तयार असेल, याचा विचार केला की मला आजही भरून येतं.

फिलमोरची पोस्टर्स काढणाऱ्या वेस विल्सनपासून मी सुरुवात केली. १९६५ च्या शेवटी बर्कलीच्या विद्यापीठात जुन्या जर्मन पोस्टर्सचं प्रदर्शन भरलं होतं. त्याच्या कॅटलॉगमध्ये विल्सनला व्हिएन्नाच्या आल्फ्रेड रोलर या चित्रकाराची अक्षरं दिसली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीची ती जाड, ठासून भरलेली अक्षरं, आतल्या पोकळीला जेमतेम एक फट ठेवलेली. विल्सनने त्यांना वितळवलं. जुलै १९६६ च्या एका पोस्टरमध्ये हिरव्या पार्श्वभूमीवर लाल ज्वाळा आहेत, आणि त्या ज्वाळा हीच अक्षरं आहेत. बँडचं नाव, तारीख, ठिकाण, सगळं त्या जाळात. हे वाचता येत नाही अशी ग्रॅहमची तक्रार होती म्हणतात. विल्सनचं म्हणणं, म्हणूनच तर लोक थांबून बघतील. मला हे मनापासून पटतं. जो थांबेल, मान तिरकी करील, त्याच्यासाठीच तो कार्यक्रम होता.

आता हे देवनागरीत करायला घेतलं आणि खरी मजा सुरू झाली. रोमन कॅपिटल अक्षरं एका उंचीची असतात. कुठल्याही आकारात ती ओतता येतात. वर ताणली, खाली फुगवली तरी चालतं. आपलं अक्षर तीन मजल्यांवर राहतं. वर मात्रा, वेलांटी, रफार; मध्ये अक्षर; खाली उकार. शिवाय सगळ्यांना बांधून ठेवणारी शिरोरेघ. ती कापली तर शब्द सुटतो, सरळ ठेवली तर ज्वाळा विझते. 'ग्रेटफुल डेड' हे बँडचं नाव लिहायचं म्हणजे एका ओळीत दोन मात्रा डोक्यावर आणि एक उकार पायाशी.

यातून वाट निघाली ती मोकळ्या जागेतून. मी शिरोरेघ वेगळी आखायचंच सोडलं. वरच्या ओळीचा खालचा काठ हीच खालच्या ओळीची शिरोरेघ. वरच्या 'फु'चा उकार खाली उतरतो, तिथे खालच्या ओळीतल्या मात्रेने वाकून जागा द्यायची. दोन ओळी अशा एकमेकींत गुंतल्या की मधला कागद लाटेसारखा वाहायला लागतो. रफार तर या शैलीसाठीच जन्मलाय असं वाटतं, आपोआप धूर होतो. त्याच साठच्या दशकात इकडे मुंबईत कमल शेडगे मराठी नाटकांच्या जाहिरातींसाठी शीर्षकं काढत होते आणि नाटकाचा स्वभाव अक्षरातच उतरवत होते. ती कात्रणं मी कायम टेबलावर ठेवते. देवनागरी किती वाकू शकते ते त्यांनी आधीच दाखवून ठेवलंय.

माऊस आणि केली या पोस्टर काढणाऱ्या जोडीबद्दल थोडक्यात: ग्रेटफुल डेडच्या पोस्टरवरचा, गुलाबांचा मुकुट घातलेला त्यांचा प्रसिद्ध सांगाडा एडमंड सलिव्हनने उमर खय्यामच्या रुबायांसाठी काढलेल्या जुन्या चित्रावरून आलाय. त्यांना तो सॅन फ्रान्सिस्कोच्या सार्वजनिक वाचनालयात सापडला. ग्रंथालयात बसणारी माणसं होती ही.

पण माझा खरा जीव व्हिक्टर मोस्कोसोवर आहे. या मंडळींत चित्रकलेचं रीतसर शिक्षण भरपूर घेतलेला तो. येल विद्यापीठात योझेफ आल्बर्सकडे रंग शिकलेला. आल्बर्स म्हणजे शेजारचा रंग बदलला की रंग कसा बदलतो, यावर आयुष्य घालवलेला माणूस. पोस्टर चटकन वाचता यावं, रंग डोळ्यांत घुसू नयेत हे शाळेतले नियम मोस्कोसोने एकेक करून उलटे केले. लाल आणि निळा पूर्ण तेजाचे पण सारख्याच गडदपणाचे घेतले, तर दोघांची सीमा डोळ्याला पकडता येत नाही. ती थरथरते. हे तपासायची सोपी रीत म्हणजे कृष्णधवल फोटो काढायचा. काठ दिसेनासा झाला की समजायचं, जमलं.

कॉम्प्युटरच्या पडद्यावर हे छान दिसतं आणि डिजिटल प्रिंटमध्ये मरतं. चार शायांच्या ठिपक्यांतून तो निळा उभाच राहत नाही. म्हणून मी सुट्टीत कोल्हापूरला घरी गेले तेव्हा लग्नपत्रिका छापणाऱ्या एका काकांकडे गेले. त्यांच्याकडे स्क्रीन प्रिंटिंग अजून हाताने चालतं. फ्रेम, स्क्वीजी, आणि डब्यातून काढून घोटलेली शाई. त्यांनी पॉझिटिव्ह, म्हणजे छपाईची फिल्म, खिडकीकडे धरून बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "ताई, ह्ये कुणाला वाचाय येणार न्हाई." मग स्वतःच बोट फिरवत एकेक अक्षर लावत वाचून काढलं, "अल्ला... रखा. तबलेवाले न्हवं का?" लाल शाईत किती पारदर्शक बेस घालायचा ते त्यांनीच ठरवलं. डोळे बारीक करून ते दोन रंग जुळवत होते, तेव्हा आल्बर्सच्या वर्गात याहून वेगळं काय शिकवत असतील असं मला वाटलं.

ते पोस्टर १८ जून १९६७ च्या रविवार दुपारचं आहे. कॅलिफोर्नियातल्या माँटेरे पॉप फेस्टिव्हलमध्ये रविशंकर सतारीवर, अल्लारखा तबल्यावर, कमला चक्रवर्ती तानपुऱ्यावर. तेव्हाच्या अनेक पोस्टर्सवर आणि रेकॉर्डच्या कव्हरांवर आपले देव, साधू, मंडलं नुसती सजावट म्हणून येतात, ते मला खटकतं. आपलं संगीत नशेशी जोडलं जातं याचं दुःख रविशंकरांनी स्वतः अनेकदा बोलून दाखवलं होतं. म्हणून माझ्या पोस्टरवर देव नाही, धूर नाही. फक्त डग्ग्यावरचा डावा हात.

तो हात दोनदा छापलाय. निळ्या शाईत 'घे' या बोलाचा हात: मनगट टेकलेलं, बोटं नागाच्या फण्यासारखी उचललेली. त्यावरच लाल शाईत 'क'चा, पंजा सपाट पडलेला. मोस्कोसोची काही पोस्टर्स बदलत्या रंगीत दिव्यांखाली हलतात, ती युक्ती इथे वापरली. लाल दिव्यात पांढरा कागद आणि लाल शाई एकसारखेच दिसतात, त्यामुळे लाल हात नाहीसा होतो आणि निळा काळाभोर उठून येतो. निळ्या दिव्यात उलट. दोन दिवे आळीपाळीने लावले की हात उचलतो, पडतो, उचलतो. काकांच्या मुलाने दिव्यांचा वेग मध्य लयीला लावून दिला. तो भजनी मंडळात मृदंग वाजवतो, त्यामुळे त्याला सांगावं लागलं नाही.

आता पुढचं पोस्टर बॉनी मॅक्लीन या चित्रकर्तीवर. फिलमोरमधले जाहिरातीचे काळे फळे ती खडूने रंगवायची. १९६७ मध्ये विल्सन पैशांच्या वादावरून ग्रॅहमला सोडून गेला आणि काम तिच्याकडे आलं. तिचे चेहरे शांत, डोळे जड, अक्षरं गॉथिक खिडक्यांसारखी उभी. या मोठ्या नावांच्या यादीत तिचं नाव फार वेळा राहून जातं, आणि ते मला मान्य नाही. काळा फळा, खडू आणि देवनागरी एवढ्यावरच करायचं ठरवलंय. कच्ची रेखाटनं झाली की इथे टाकते.