दुबळ्याला उचल मिळत नाही

ब्राझीलच्या ऊसमळ्यांबद्दल एक ठरलेलं वाक्य मी टी.वाय.च्या वर्गाला नऊ वर्षं उतरवून देत आलो: ‘स्थानिक लोक शरीराने दुबळे असल्याने पोर्तुगीजांना आफ्रिकेतून गुलाम आणावे लागले.’

यंदा मार्चअखेर तेच सांगत होतो. आमचा बीडचा भाग, त्यामुळे ऊसतोडीच्या हंगामात बाकं रिकामी. एक मुलगी आठवड्यापूर्वीच आई-बापाबरोबर फडावरून परतली होती. ती म्हणाली, “सर, दुबळ्याला मुकादम पैशाची उचलच देत नाही. आधी दंड बघतो. मग पोर्तुगीजांनी आधी या स्थानिकांना धरलंच कशाला?”

मी गप्प. चहाच्या सुट्टीत जुनी टाचणं काढली. आकडे तिथेच पडून होते. ब्राझीलच्या बाहिया भागातला सर्जिपे हा साखरेचा मोठा कारखाना पोर्तुगीज गव्हर्नर मेम द सा याचा. 1572 मध्ये तो वारल्यानंतरच्या मोजदादीत आफ्रिकी गुलाम जेमतेम 7 टक्के, बाकी सगळे स्थानिक. 1638 पर्यंत मात्र तिथे स्थानिक गुलाम उरला नव्हता.

पुढच्या तासाला ‘दुबळे’ खोडलं. 1562-63 ला देवीची साथ आली, मागून उपासमार; माणसं पटापट गेली. राहिलेल्यांना रान पायाखालचं, ते पळत. म्हणून मळेवाला त्यांची किंमत आफ्रिकी गुलामाच्या निम्मीही धरत नसे. 1570 ला राजा सेबास्तियांवने स्थानिकांना गुलाम करण्यावर बंदी घातली, पण ‘न्याय्य युद्धा’त धरलेले चालतील अशी पळवाट ठेवून. पळत आफ्रिकीही होते, पाल्मारेसची वस्ती त्यांचीच. पण समुद्रापलीकडून आणलेल्याला मागे गाव नव्हतं.

“आमचं उलटं,” ती म्हणाली. “गाव मुकादमाला माहीत असतं, म्हणून पळता येत नाही.”

मी आणखी एक गोष्ट सांगितली. तिथल्या स्थानिक तुपी लोकांत पुरुषांनी जंगल तोडून द्यायचं, पेरणी-काढणी बायकांची. पुरुषाला शेतात जुंपणं हाच त्याला अपमान. 1549 मध्ये नोब्रेगा या जेझुइट पाद्र्याने लिहून ठेवलंय, की त्यांचे भगत सांगत: काम करू नका, खणायच्या काठ्या आपोआप शेतात जातील, बाण आपोआप शिकार आणतील.

मागून एक पोरगा ओरडला, “सर, मग कोयतापण आपोआप ऊस तोडंल!”

वर्ग हसला. ती वहीतून मान वर न काढता म्हणाली, “आन् मोळ्या कोण बांधंल?”