तुम्ही विचारलंत म्हणून: ॲप एंगेजिंग कसं करायचं?

नागपुरात धरमपेठेत चहा प्यायला थांबलं काय नि कुणाच्या लग्नात जेवायला बसलं काय, कुणीतरी विचारतंच, तुम्ही ॲप डिझाइन करता नं, मग लोक ॲपवर रमतील असं काय करायचं ते सांगा. त्यांना बॅज, पॉइंट, नोटिफिकेशन असलं काहीतरी ऐकायचं असतं. मी आपली तेलाच्या पिप्यांची गोष्ट सांगते.

इतवारीतल्या ठोकवाल्यांकडून किराणा दुकानदारांनी माल मागवायचा, असं ॲप आम्ही बनवलं होतं. ऑर्डर गेली की स्क्रीनवर रंगीत कागदं उडायची, मीच टाकली होती ती, फार खूश होते. मे महिन्यात महालातल्या एका काकांच्या दुकानात जाऊन बसले तर पायरीवर सोयाबीन तेलाचे वीस पिपे. मागवले होते दहा. काका म्हणाले, "बटन दाबलं, काही झालंच नाही, मले वाटलं गेलीच नाही ऑर्डर, म्हणून अजून दाबलं." नेट स्लो होतं, मधले चार-पाच सेकंद आमची स्क्रीन ढिम्म. मग एकदाचे ते कागद उडाले तेव्हा काका म्हणे, "हे काय उडून राह्यलं बाप्पा?"

वापरायला सोप्या डिझाइनचे तज्ज्ञ जेकब निल्सन यांनी 1993 मध्येच लिहून ठेवलंय, 0.1 सेकंदात उत्तर आलं तर माणसाला वाटतं आपल्या बोटानंच झालं, 1 सेकंदापर्यंत विचाराची तार तुटत नाही, 10 च्या पुढे लक्षच उडतं. हे मला पाठ होतं. तरी बटन दाबल्यावर काय दिसावं हे ठरवायच्या आधी मी कागदांचे रंग ठरवत बसले होते.

आणि ऊन! काका हाताचा आडोसा करून फोन बघत होते, कारण आमची अक्षरं फिकट राखाडी, एसीत बसून निवडलेली. अक्षर नि मागचा रंग यांच्यात किमान 4.5 ला 1 कॉन्ट्रास्ट, म्हणजे उजळपणातला फरक, हवा असा वेब ॲक्सेसिबिलिटीचा (वेबसाइट सगळ्यांना वापरता यावी यासाठीचा) नियम आहे, तोही आम्ही पाळला नव्हता, नि इथं तर नागपूरचा मे.

मग बटन दाबताक्षणी रंग बदलून "पाठवतोय" दिसू लागलं, दुसऱ्यांदा दाबणं बंद, शेवटी "10 पिपे, ऑर्डर पोचली" आणि वेळ. कागद काढून टाकले. क्लायंटला "फक्त 2 उरले" असंही टाकायचं होतं, माल गोदामभर असताना. नोव्हेंबर 2023 मध्ये केंद्राच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ग्राहकाला फसवणाऱ्या असल्या 13 प्रकारांना मनाई केली, खोटी घाई त्यातला पहिलाच, ते दाखवलं तेव्हा कुठं गप्प बसले.

दोन महिन्यांनी त्यांचाच फोन, लोक ॲपवर पूर्वीइतके थांबत नाहीयेत, ग्राफ खाली आलाय. काका आता गिऱ्हाइकाला साखर तोलता तोलता ऑर्डर टाकतात नि फोन खिशात. मी म्हटलं, एकदा संध्याकाळी महालात या, दाखवते.