नवा पासवर्ड चालेना, जुना चालतो

२००९ च्या नोव्हेंबरातला सोमवार. मी तेव्हा एका इंजिनिअरिंग कॉलेजात सिस्टीम अ‍ॅडमिन होतो. दहाला प्रथम वर्षाची सी प्रोग्रॅमिंगची प्रॅक्टिकल परीक्षा, बाहेरचे परीक्षक येणार, आणि सव्वानऊला विभागप्रमुख सरांचा फोन. "अहो, दिवाळीत बदललेला माझा पासवर्ड आज चालत नाहीये. गंमत म्हणून जुना टाकून पाहिला, तर आत गेलो."

मी हसलो, "बघतो सर" म्हणालो आणि विसरलो. तिथेच चुकलो.

साडेनऊला लॅबमध्ये गोंधळ. ४० लिनक्स मशीन्स, त्यातल्या निम्म्यांवर मुलं लॉगिन करतायत, उरलेल्यांवर 'लॉगिन इनकरेक्ट'. तोच मुलगा शेजारच्या मशीनवर बसला की आत.

आमच्याकडे खाती प्रत्येक मशीनवर वेगळी नव्हती, सगळी एनआयएसवर होती. सर्व्हरवर पासवर्डची एकच यादी, आणि कोण आत येतंय ते प्रत्येक मशीन त्यालाच विचारणार. सन मायक्रोसिस्टिम्सने हे आणलं तेव्हा नाव होतं 'यलो पेजेस'. ब्रिटनमध्ये ते नाव ब्रिटिश टेलिकॉमच्या मालकीचं निघालं, म्हणून बदलावं लागलं. पण कमांडच्या सुरुवातीचं 'वायपी' तसंच राहिलं. प्रत्येकाचं होम फोल्डर, म्हणजे स्वतःच्या फायलींची जागा, एनएफएसवरून (सर्व्हरवरच्या फायली नेटवर्कवरून दाखवणारी सोय) सगळीकडे तेच.

पहिला संशय एनएससीडीवर. हा कॅशवाला, एकदा सापडलेलं नाव साधारण १० मिनिटं डोक्यात धरून बसतो. आमच्या धंद्यात काही बिघडलं की आधी त्यालाच धोपटायचं, अशी रीत आहे. रीस्टार्ट केला, फरक शून्य. मग नावं आधी कुठे शोधायची ते ठरवणारी एनएसस्विचची फाइल उघडली, आधी 'फाइल्स' (मशीनवरच्याच) मग 'एनआयएस', दोन्हीकडच्या मशीनवर अक्षरन् अक्षर तीच. नेटवर्क ठीक, सर्व्हर जिवंत. पावणेदहा वाजले.

बिघडलेल्या एका मशीनवर रूटने शिरलो (रूट म्हणजे मशीनचं सर्वाधिकारी खातं, ते स्थानिक फाइलीत असतं, एनआयएसवर अवलंबून नाही) आणि होम फोल्डरांची यादी काढली. अंगावर काटा आला. प्रथम वर्षाच्या मुलीच्या फोल्डरपुढे मालक म्हणून नाव होतं जूनमध्ये पास होऊन गेलेल्या एका मुलाचं. त्याखाली दुसरा, तोही पास झालेला. सगळी जुनी बॅचच परत कॉलेजात आल्यासारखी.

दोन मिनिटं वाटलं, कुणीतरी सर्व्हर फोडला. मग डोकं ठिकाणावर आलं. डिस्कवर मालकाचं नाव नसतं, फक्त आकडा असतो. आकड्याचं नाव करून सांगतो तो एनआयएस. मीच जुलैमध्ये जुन्या मुलांचे युझर आयडी, म्हणजे हेच आकडे, मोकळे करून नव्यांना वाटले होते. म्हणजे आकडा बरोबर होता. नाव सांगणारा जुन्या वहीतून वाचत होता.

वायपीकॅटने यादी मोजली: चांगल्या मशीनवर ६१२ नावं, बिघडलेल्यावर ५८७. मग वायपीविच चालवलं. तू कुणाला विचारतोस, एवढंच ती कमांड सांगते. सर्व्हरांना आम्ही किल्ल्यांची नावं दिली होती. चांगलं मशीन म्हणालं 'राजगड'. बिघडलेलं म्हणालं 'तोरणा'.

तोरणा मी मे महिन्यात निवृत्त केला होता. निवृत्त म्हणजे काय, तर बंद केला आणि 'असू दे, लागला तर' म्हणून यूपीएसच्या खोलीत, नेटवर्कची केबल लावलेला तसाच ठेवला.

धावत गेलो. तोरणाचा हिरवा दिवा लुकलुकत होता. रविवारी यूपीएसच्या बॅटऱ्या बदलल्या, आणि सोमवारी सकाळी शिपाई मामांनी खोलीतली सगळी बटणं चालू केली. मामांचं काहीच चुकलं नव्हतं, बटणं चालू करणं हेच त्यांचं काम. चूक माझी. कोणत्या सर्व्हरला विचारायचं ते मशीनला सांगणाऱ्या वायपी डॉट कॉन्फ फाइलीत सर्व्हरचं नाव लिहिण्याचा कंटाळा करून मी 'ब्रॉडकास्ट' लिहिलं होतं. म्हणजे मशीन सुरू होताना मोठ्याने हाक मारणार, 'आमच्या डोमेनचा कोण आहे?', आणि जो आधी ओ देईल त्याचंच ऐकणार. खात्री करून घेण्याची सोय त्यात नाही. राजगड एनएफएस सांभाळून दमलेला, तोरणा निवांत. त्याची ओ बऱ्याचदा आधी पोचत असणार.

केबल उपटली. लॅबमधली निम्मी मशीन्स क्षणभर गोठली, मग एकेक करत राजगडला जाऊन चिकटली. सगळीकडे एनएससीडी रीस्टार्ट केला. दहा वाजून सात मिनिटांनी परीक्षकांनी स्लिपा वाटल्या. चहाच्या नादात त्यांच्या काही लक्षातही आलं नाही.

मी मात्र दुपारपर्यंत सुन्न होतो. जूनमध्ये गेलेला एखादा मुलगा त्या सकाळी सहज लॅबमध्ये येऊन बसला असता, तर त्याचा पासवर्ड चालला असता, आणि त्याच आकड्याखाली असलेल्या नव्या मुलीच्या फायली त्याच्या झाल्या असत्या. कुठलंही कुलूप न तोडता. त्या रात्री ४० मशीन्सवर राजगडचा पत्ता लिहिला, तोरणाची डिस्क पुसली, आणि वापरलेला युझर आयडी पुन्हा कुणाला दिला नाही.

घरी निघताना सरांचा परत फोन.

"अहो, आता जुना पासवर्ड चालत नाहीये."