३८ कोटी वर्षांचा खांदा

मागच्या ऑगस्टमध्ये मॉन्ट्रियलहून निघालो, रात्री रिमुस्कीला मुक्काम केला आणि सकाळी मातापेदियाच्या खोऱ्यातून १३२ नंबरच्या रस्त्याने कॅनडाच्या क्युबेक प्रांतातलं मिगुआशा गाठलं. गाडी नवराच चालवत होता, कारण माझा उजवा खांदा फ्रोजन, सहा महिने फिजिओ चालूच आहे.

मिगुआशा नॅशनल पार्क तिथल्या जीवाश्मांसाठी १९९९ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे, म्हणून मला वाटलेलं काहीतरी भव्यदिव्य असेल, तर शालर बेच्या काठावर एक करडा कडा, खाली दगडगोट्यांचा किनारा आणि समोर न्यू ब्रन्सविक, बास. लेक म्हणाली, "आई, एवढंच?"

पण म्युझियममध्ये मी जी अडकले ती अडकलेच. युस्थेनोप्टेरॉन फूर्डी! सुमारे ३८ कोटी वर्षांपूर्वीचा मासा, म्हणजे डायनासोर यायलासुद्धा तेव्हा अजून जवळजवळ १५ कोटी वर्षं होती. जीवाश्मतज्ज्ञ व्हाइटीव्ह्जने १८८१ मध्ये याचं बारसं केलं. दगडात चपटा झालेला, खवले न् खवले मोजून घ्यावेत इतका स्पष्ट, शेपटीला तीन टोकं. आणि पुढच्या मांसल परामध्ये (फिनमध्ये) आधी एक हाड, मग दोन. ह्युमरस म्हणजे दंडाचं हाड, मग कोपराखालची रेडियस आणि अल्ना. अहो, हाच तक्ता माझ्या फिजिओच्या भिंतीवर आहे! मी तिथेच हात वर करायला गेले आणि कळवळले.

बोटं मात्र नाहीत हं, पुढे सगळे नुसते काटे. पूर्वी चित्रांमध्ये याला सरळ जमिनीवर चढताना दाखवायचे, आता मानतात की हा पाण्यातच राहायचा. परामध्ये बोटांची हाडं सापडली ती इथल्याच एल्पिस्टोस्टेज नावाच्या दुसऱ्या माशात, तो २०१० ला अख्खा मिळाला, १.५७ मीटरचा. पण माझा जीव युस्थेनोप्टेरॉनवरच. स्वीडनच्या जीवाश्मतज्ज्ञ एरिक यार्विकने याच्या कवटीचा एकेक पातळ थर घासत, प्रत्येक थराचं चित्र काढत आतल्या नसांच्या वाटासुद्धा शोधल्या, त्यात कित्येक वर्षं गेली, आणि घासून घासून मूळ कवटी संपली ती संपलीच. मला तर ऐकूनच कसंतरी झालं.

नंतर खाली किनाऱ्यावर उतरलो. इथला दगड उचलून न्यायला बंदी आहे, लेकीने खिशात घातलेला एक साधासा गोटापण परत ठेवायला लावला, त्यावरून जरा रुसवाफुगवी झाली.

गाडीत बसून सीटबेल्ट ओढला आणि परत कळ आली, तर मागून आवाज, "ह्युमरस का?"