डाग दिसला तरी मी लगेच 'होय' का म्हणत नाही

उंदराच्या गर्भाचे फोटो दाखवले की बेळगाव, खानापूर, निपाणीकडची मुलं आणि त्यांचे शिक्षक हमखास विचारतात, "होक्स-बी-१ चा जांभळा पट्टा एवढा ठसठशीत दिसतोय, तरी जनुक इथे चालू आहे असं सरळ का सांगत नाही?" होक्स-बी-१ हे गर्भाचे भाग ठरवणारं एक जनुक. त्याचा आरएनए, म्हणजे जनुकाची नक्कल, जिथे असेल तिथे रंग धरवतात, तोच हा पट्टा. कंट्रोलचं, म्हणजे तुलनेसाठी सोबत ठेवलेल्या नमुन्याचं, नाव काढून वेळ काढता, असंही ऐकून झालं. तुम्हीही एक फोटो पाठवून तेच विचारलंत, म्हणून एकदा नीट सांगायचं ठरवलं.

साडेनऊ दिवसांच्या गर्भाचा मागचा मेंदू खानापूरकडच्या भाताच्या वाफ्यांसारखा असतो. एकामागे एक फुगवटे, मधे बांध. होक्स कुटुंबातलंच होक्स-ए-२ दुसऱ्या फुगवट्यापासून मागे चालू, बी-२ तिसऱ्यापासून, बी-३ पाचव्यापासून, बी-४ सातव्यापासून. बी-१ मात्र या वयात मागच्या मेंदूत फक्त चौथ्यात. त्यामुळे बांध एका फुगवट्याने इकडेतिकडे झाला, तर सगळा अर्थच बदलतो.

ज्या बॅचने माझी खात्री मोडली, तिच्यात अँटिसेन्स प्रोबच्या (जनुकाच्या आरएनएला चिकटणाऱ्या तुकड्याच्या) गर्भांत पट्टा तिसऱ्यापासून पाचव्यापर्यंत पसरलेला होता. सेन्सचे, म्हणजे त्या आरएनएला न चिकटणाऱ्या तुकड्याचे, कंट्रोल गर्भ स्वच्छ. वहीत 'पट्टा विस्तारला' अशी नोंदही झाली. मग वेळा तपासल्या. अँटिसेन्सची नळी एनबीटी-बीसीआयपीच्या, म्हणजे जांभळा डाग आणणाऱ्या द्रवाच्या, रंगात चार तास होती, सेन्सची तासाभरात बाहेर काढलेली. उरलेले सेन्सचे गर्भ चार तास ठेवले, तर त्यांचाही मागचा मेंदू जांभळा. ब्लेडने आडवे काप घेतले. रंग भिंतीतल्या पेशींत जवळजवळ नव्हताच, तो आतल्या पोकळीत साचलेला होता. मागच्या मेंदूचं छत पातळ असतं, पण बंद असतं. आत शिरलेला प्रोब आणि त्याला पकडून रंग आणणारी अँटिबॉडी धुऊन बाहेर येत नाहीत, आणि नेमक्या तिथेच रंग धरतो. जिथे उत्तर शोधायचं तिथेच खोटं उत्तर तयार होतं, हे मला फार लागलं.

तेव्हापासून छताला बारीक सुईने भोक पाडल्याशिवाय गर्भ पुढे जात नाही. गर्भ पक्का (फिक्स) करायला ४ टक्के पॅराफॉर्माल्डिहाइडमध्ये रात्रभर, ४ अंशांवर. मग मिथेनॉल. प्रोब आत जावा म्हणून प्रथिनं पचवणारं विकर, प्रोटिनेज के, मिलिलिटरला १० मायक्रोग्रॅम, साडेनऊ दिवसांच्या गर्भाला साधारण दहा मिनिटं. पण नवी बाटली आली की वेळ पुन्हा ठरवायची. जास्त झालं तर वरची कातडी सुटते, कमी पडलं तर प्रोब आत जात नाही. त्यानंतर पुन्हा फिक्स करायचं, नाहीतर प्रोब चिकटवताना रात्रभर ७० अंशांच्या पाण्याच्या बाथमध्ये गर्भ विरघळल्यासारखा होतो. अँटिबॉडीनंतरच्या धुण्यात घाई करायची नाही: दिवसभर तासातासाला द्रव बदला, मग रात्रभर ठेवा.

आपल्याकडचं एक वेगळं संकट म्हणजे पावसाळ्यात रात्री जाणारी वीज. बाथ गार झाला की प्रोब नको तिथे सैल चिकटतो. सकाळी आकडा पुन्हा ७० दाखवतो, रात्री काय झालं ते सांगत नाही. म्हणून बॅटरीवर चालणारा तापमान नोंदवणारा लॉगर पाण्यात ठेवाच. शिवाय क्रॉक्स-२० च्या प्रोबची एक नळी सोबत असू द्या. ते होक्ससारखं होमिओबॉक्सचं जनुक नाही, पण तिसऱ्या आणि पाचव्यात दोन सुटे पट्टे देतं. मधली मोकळी जागा म्हणजे चौथा फुगवटा.

आता कबुली. वर्गात मीच सांगितलंय की पट्टा जिथे, काम तिथे. आज ते तसं म्हणवत नाही. डाग आरएनएचा असतो, प्रथिनाचा नव्हे. आणि १९९६ मध्ये बी-१ नसलेले उंदीर तयार झाले, तेव्हा चौथ्यात जन्मलेल्या, चेहऱ्याचे स्नायू हलवणाऱ्या चेतापेशी मागे सहाव्याकडे सरकल्याच नाहीत. चेहरा लुळा राहिला. म्हणजे जनुक चौथ्यात, आणि उणीव दिसते सहाव्यात आणि चेहऱ्यावर. पण पूर्वीचा मी यावर म्हणेल, पट्टा दिसला नसता तर चौथ्याकडे बघायचं कुणाला सुचलं असतं? याला माझ्याकडे पुरं उत्तर नाही. कधी त्याचं पटतं, कधी नाही.

तुम्ही पाठवलेल्या त्या फोटोतल्या गर्भाचं छत टोचलेलं होतं का, आणि सेन्सची नळी रंगात किती वेळ होती? तेवढं कळवा. मग पट्ट्याबद्दल बोलू.